रविवारचे मटण आणि आपले आरोग्य



रविवारचा मिस्सा आटोपला की आपल्यापैकी अनेकांची पावले मटणाच्या दुकानाकडे वळतात. नाताळ असो, ईस्टर असो, बाप्तिस्म्याचे जेवण असो की लग्नघर असो, मटणाच्या रश्श्याशिवाय आपली पंगत पुरी होत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या पंगतीत एक भीतीही येऊन बसली आहे. "लाल मांसाने कर्करोग होतो", "मटण आणि तंबाखू सारखेच" असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. ते वाचून कुणाच्या घरी म्हाताऱ्या आईने मटण सोडले आहे, तर कुणी मुलींच्या ताटातले बंद केले आहे. मात्र त्याच घरात कधी फ्रीजमध्ये सॉसेजचे पाकीट असते आणि कर्त्या मुलाच्या खिशात खर्र्याची पुडी असते.

म्हणून आज हा विषय आपण शांतपणे समजून घेऊ या. येथे प्रश्न पापपुण्याचा नाही. शुक्रवारी आणि प्रायश्चित्तकाळात आपण मांस वर्ज्य करतो ते त्याग म्हणून. मांस मुळात वाईट आहे म्हणून नव्हे. आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे: लाल मांस आणि प्रक्रिया केलेले मांस खाणे प्रकृतीला खरोखर घातक आहे का? असेल तर किती, आणि कोणाला?

लाल मांस कोणते, प्रक्रिया केलेले कोणते?

बकरा, मेंढी, डुक्कर, गाय, म्हैस अशा चार पायांच्या जनावरांच्या मांसाला आहारशास्त्रात लाल मांस म्हणतात. शिजल्यावर ते पांढरट दिसले तरी लाल मांसच. कोंबडी आणि मासे यांत येत नाहीत. महाराष्ट्रात गाईच्या आणि 2015 पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात लाल मांस म्हटले की मुख्यतः बकऱ्याचे मटण आणि काही घरांत डुकराचे मांस, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

जे मांस टिकावे किंवा त्याला विशिष्ट चव यावी म्हणून खारवले, मुरवले, आंबवले किंवा धुरावले जाते, ते प्रक्रिया केलेले मांस. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन हे त्याचे प्रकार. गोव्याच्या पाहुण्यांनी आणलेली चोरीसची माळ हीसुद्धा त्यातच मोडते. चिकनचे सॉसेज आणि चिकनची सलामी कोंबडीची असली तरी प्रक्रिया केलेलीच असते. उलट, दुकानातून आणलेला ताजा खिमा केवळ बारीक केला म्हणून प्रक्रिया केलेला ठरत नाही. मटण नुसते फ्रीजमध्ये ठेवले म्हणजेही प्रक्रिया झाली असे नाही. हा भेद लक्षात ठेवला तर पुढचे सारे सोपे जाईल.

2015 मध्ये नेमके काय सांगितले गेले?

भीतीचे मूळ ऑक्टोबर 2015 मधील एका घोषणेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधील लिआँ शहरात आहे. तिने 10 देशांतील 22 तज्ज्ञांना एकत्र बोलावले. त्यांनी 800 हून अधिक अभ्यास तपासले आणि प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकले. पहिला गट म्हणजे ज्यांच्यामुळे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असे पदार्थ. ताज्या लाल मांसाला त्यांनी एक पायरी खाली, 'कर्करोगास बहुधा कारण' अशा गटात ठेवले. कारण तेथे पुरावा आहे, पण तो मर्यादित आहे. दोन्ही बाबतींत मुख्य संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी होता.

तंबाखू आणि सुपारीही पहिल्याच गटात आहेत. त्यामुळे जगभरच्या वर्तमानपत्रांत मोठे मथळे झळकले आणि "मांस तंबाखूइतकेच घातक" असा समज पसरला. तो समज चुकीचा आहे. पुरावा किती पक्का आहे हे गटावरून कळते. धोका किती मोठा आहे हे गटावरून कळत नाही. विळीने बोट कापते हे नक्की, आणि ट्रकखाली माणूस मरतो हेही नक्की. दोन्ही गोष्टी सारख्याच नक्की आहेत म्हणून सारख्याच भयंकर ठरत नाहीत.

आकडे पाहिले की फरक स्पष्ट होतो. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने जे अंदाज दिले, त्यांनुसार प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अति सेवनाशी जगात वर्षाला सुमारे 34,000 कर्करोगाचे मृत्यू जोडता येतात. तंबाखूमुळे होणारे कर्करोगाचे मृत्यू सुमारे 10 लाख आणि दारूमुळे होणारे सुमारे 6 लाख.

हे आकडे भंडाऱ्यात वाचताना आपल्याला थोडे थांबावेच लागेल. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि त्यांतील बहुतेक जण तंबाखू खाणारे होते. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी आपल्याकडे खर्रा घोटला जातोच. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. कर्करोगाच्या भीतीने मटण सोडायचे आणि खर्रा चालू ठेवायचा, हा उलटा हिशेब आहे.

18 टक्के म्हणजे किती?

रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्या तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. रोज 100 ग्रॅम लाल मांसाने तो सुमारे 17 टक्क्यांनी वाढत असावा, असाही अंदाज त्यांनी दिला. 18 टक्के ऐकले की वाटते, शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार. पण अर्थ तसा नाही.

समजा एखाद्या देशात 100 माणसांपैकी 5 जणांना आयुष्यात कधी तरी हा रोग होतो. आता ते सर्व 100 जण रोज, वर्षानुवर्षे, 50 ग्रॅम सॉसेज खाऊ लागले, तर 5 ऐवजी जवळपास 6 जणांना तो होईल. एका माणसाची ही वाढ खरी आहे आणि ज्याच्या घरी तो रोग येतो त्याला ती लहान वाटणार नाही. तरीही ती अठरा माणसांची वाढ नव्हे. भारतात तर हा कर्करोग मुळातच कमी आढळतो. आपल्याकडे वर्षाला लाखामागे पाचच्या आसपास, तर युरोपातील अनेक देशांत लाखामागे तीसहून अधिक. तेवढ्यावरून निर्धास्त मात्र होऊ नये. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत अचानक आणि टिकून राहणारा बदल, कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर मूळव्याध समजून महिनोन् महिने घरगुती औषधे घेत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

जाणकारांत मतभेद का?

2019 मध्ये सात देशांतील 14 जणांच्या एका गटाने वेगळाच सल्ला दिला: बहुतेक प्रौढांनी आहे तेवढे लाल व प्रक्रिया केलेले मांस खात राहण्यास हरकत नाही. त्यांचे म्हणणे असे की, मांस कमी करण्याचा लाभ फार लहान आहे आणि पुरावाही कच्चा आहे. यावर मोठे वादळ उठले. अनेक नामवंत आहारतज्ज्ञांनी हा सल्ला बेजबाबदार ठरवला. त्या 14 जणांतही तिघांचे मत मांस कमी करावे असेच होते.

असे का होते? कारण औषधाची गोळी तपासावी तसे मांस तपासता येत नाही. हजारो लोकांना वीस वर्षे मटण आणि दुसऱ्या हजारोंना वीस वर्षे फक्त डाळ खायला लावणे शक्य नाही. म्हणून लोक काय खातात हे विचारून घेतात आणि पुढे त्यांना काय आजार होतात हे पाहतात. यात गुंता होतो. आपल्याकडचेच पाहा. आठवड्यातून चार वेळा ढाब्यावर मटण खाणारा माणूस पुष्कळदा दारूही घेतो, खर्राही खातो, भाजी टाळतो आणि उशिरा जेवतो. त्याचे हृदय बिघडले तर दोष मटणाचा किती आणि बाकीच्यांचा किती? संशोधक गणिताने हे वेगळे काढतात, पण पूर्णपणे वेगळे काढणे कठीणच असते.

तरीही दोन मोठे अभ्यास आपल्या कामाचे आहेत. 2021 मध्ये 21 देशांतील 1,34,297 लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात भारतही होता, आणि सहभागी संस्थांमध्ये बंगळुरूचे सेंट जॉन्स संशोधन केंद्र होते. आठवड्याला 150 ग्रॅम किंवा अधिक प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू यांचे प्रमाण जास्त आढळले. ताज्या लाल मांसाबाबत तसा संबंध दिसला नाही. 2024 मध्ये 20 देशांतील सुमारे 19.7 लाख लोकांची माहिती एकत्र करून मधुमेहाचा विचार झाला. तेव्हा रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मधुमेहाचा धोका सुमारे 15 टक्के आणि रोज 100 ग्रॅम ताज्या लाल मांसामागे सुमारे 10 टक्के जास्त आढळला.

यातून एक सूत्र हाती येते. प्रक्रिया केलेल्या मांसाविरुद्ध साक्ष बरीच भक्कम आहे. ताज्या मांसाविरुद्ध ती कमजोर आहे, आणि तीही मुख्यतः रोज, भरपूर खाणाऱ्यांच्या बाबतीत आहे.

दोष नेमका कशात?

प्रक्रिया केलेल्या मांसात रंग आणि टिकाऊपणा यांसाठी नायट्राइट घालतात. त्यापासून पोटात कर्करोगाला पोषक अशी संयुगे बनू शकतात. शिवाय त्यात मीठ भरपूर असते. 100 ग्रॅम सॉसेजमध्ये दीड-दोन ग्रॅम मीठ सहज असते, आणि प्रौढ माणसाला दिवसभरात एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

ताज्या मांसात काळजीच्या गोष्टी वेगळ्या आहेत. मांस निखाऱ्यावर करपेपर्यंत भाजले किंवा कडकडीत तळले तर त्यात घातक द्रव्ये तयार होतात. पाण्यात शिजवलेल्या मांसात ती फार कमी असतात. या दृष्टीने आपला रस्सा बरा! पण रश्श्याची स्वतःची एक खोड आहे. आपल्या विदर्भात, सावजी पद्धतीच्या जेवणात तर खासच, तर्रीचा थर बोटभर जाड असावा असा आग्रह असतो. बकऱ्याचे मांस मेंढीच्या मांसापेक्षा कमी चरबीचे असते, पण त्यावर दोन वाट्या तेल ओतले तर तो लाभ उरत नाही. मटणावर येणारा आरोप पुष्कळदा तेलाचा असतो. आपला जिल्हा धानाचा. रश्श्यासोबत भाताचा डोंगर रिचवला जातो आणि मधुमेही माणसाची साखर वाढली की दोष मटणाला मिळतो.

मटण काय देते आणि ते कोणाच्या ताटात जाते?

नुकसानाबरोबर लाभही मोजला पाहिजे. 100 ग्रॅम मटणातून सुमारे 20 ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. वनस्पतींत नैसर्गिकरीत्या न मिळणारे बी-12 जीवनसत्त्व मिळते, जस्त मिळते. मांसातील लोह शरीर भाजी-डाळीतील लोहापेक्षा सहज शोषून घेते, आणि जेवणात मांस असले तर सोबतच्या डाळ-भाजीतील लोहही अधिक शोषले जाते.

आता आपल्या राज्याची स्थिती पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील 68.9 टक्के मुले रक्तक्षयाची आढळली. म्हणजे दर दोन स्त्रियांमागे एकीहून अधिक. अमेरिकेत किंवा युरोपात जेथे माणसे रोज मांस खातात, तेथे "कमी खा" हा सल्ला योग्यच आहे. पण ज्या घरात आठवड्याला एकदा मटण येते आणि सुनेच्या ताटात दोन फोडी पडतात, त्या सुनेला तोच सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवास सांगण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट आपण स्पष्टच बोलली पाहिजे. आपल्या किती तरी घरांत आधी पुरुष आणि पाहुणे जेवतात. चांगल्या फोडी, कलेजी त्यांच्या ताटात जाते, आणि चूल सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा आणि हाडे येतात. ज्याला मांस कमी करण्याची गरज आहे त्याला ते जास्त मिळते आणि जिला गरज आहे तिला कमी. मटणाबद्दलची आपल्या घरची सर्वांत मोठी चूक हीच असावी.

मात्र एक सावधगिरी. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. त्यातील रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. म्हणून अशक्तपणा दिसला की स्वतःच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत; आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. देशात 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. लग्नापूर्वी मुलामुलीने ही तपासणी अवश्य करावी.

आणि जी कुटुंबे मांस खात नाहीत त्यांनी ते खाल्लेच पाहिजे असे मुळीच नाही. डाळी, चणे, हिरव्या पालेभाज्या, तीळ, दूध, चालत असल्यास अंडी, आणि जेवणात लिंबू किंवा आवळा, यांनी उत्तम भागते. बी-12 कमी आढळले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी.

मग आपण काय करावे?

1. मोजून पाहावे. जागतिक कर्करोग संशोधन निधी या संस्थेचा सल्ला असा की, शिजवलेले लाल मांस माणशी आठवड्याला 350 ते 500 ग्रॅमच्या आत असावे. हाडांसह 1 किलो मटण आणले, तर हाडे आणि शिजताना होणारी घट जाता साधारण अर्धा किलो खाण्याजोगे उरते. पाच जणांच्या घरात ते माणशी 100 ग्रॅम होते. म्हणजे रविवारी एकदा, फार तर आठवड्यातून दोनदा मटण खाणारे घर मर्यादेच्या बरेच आत आहे. त्याने भिऊ नये.

2. सॉसेज, सलामी, हॅम, चोरीस हे सणावारी, चवीपुरते ठेवावे. मुलांच्या शाळेच्या डब्यात ते रोजचे होऊ नये. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचावे. आयएनएस 250 किंवा 251 असे लिहिले असेल तर ते नायट्राइट किंवा नायट्रेट समजावे.

3. शिजवताना दिसणारी चरबी काढावी, तेल निम्मे करावे, तर्री वरून काढून ठेवावी. ताटात भात थोडा कमी आणि कांदा, काकडी, पालेभाजी थोडी जास्त असावी. डुकराचे मांस आतपर्यंत पुरते शिजवावे. कच्चे राहिल्यास त्यातून पट्टकृमी होण्याचा धोका असतो.

4. आपला जिल्हा तलावांचा. वैनगंगा आणि मामा तलाव यांचे रोहू, कटला, मरळ, झिंगे आपल्या दारात येतात. आठवड्यातले एखादे मटण मासळीला द्यावे. खिशालाही ते परवडते.

5. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा युरिक अॅसिडचा त्रास असलेल्यांनी किती खावे हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. गरोदर स्त्रीने कलेजी खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. तिच्यातील जास्त अ जीवनसत्त्व बाळाला बाधू शकते.

6. कर्करोगाची खरोखर भीती वाटत असेल तर सुरुवात खर्रा, तंबाखू आणि दारू सोडण्यापासून करावी.

घरात चर्चेसाठी

आज दुपारी जेवताना घरातील सर्वांनी मिळून या तीन प्रश्नांवर बोलावे. आपल्या घरी गेल्या महिन्यात मटण किती वेळा आले आणि पाकिटातले मांस किती वेळा? आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि तिच्या ताटात काय उरते? आणि आपण ज्या गोष्टीला सर्वांत जास्त भितो, तीच आपल्याला सर्वांत जास्त अपाय करणारी आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघडून टाकणारे असेल, तर आजच्याच मटणापासून बदल करता येईल. एकत्र बसावे आणि पहिली वाढ तिच्या ताटात करावी.